दोन मिनिटांचं वाचन

परवा सासूबाईंना गुडघे दाखवायला छत्रपती संभाजीनगरला न्यायचं होतं. लासूर स्टेशनच्या फलाटावर बसलो. गाडीला वीस मिनिटं होती, म्हणून मोबाइलवर गुडघेदुखीवरचा लेख काढून त्यांच्या हातात दिला. शीर्षकाखाली लिहिलं होतं, 'वाचनाचा वेळ : २ मिनिटं'.

सासूबाईंची अक्षरओळखच मुळी चाळिशीत, साक्षरतेच्या रात्रवर्गात झालेली. ओळीखाली बोट ठेवून, पुटपुटत वाचायची सवय. इथं बोट लावलं की पानच सरकायचं! गाडी आली तेव्हा लेख निम्मासुद्धा झाला नव्हता. म्हणाल्या, "इथं तर दोन मिन्टं लिहिलंय. मलाच येईना का काय गं?"

मला चर्र झालं. कारण ही मिनिटं कुणी घड्याळ लावून मोजत नाही. संगणक लेखातले शब्द मोजतो आणि ठरावीक वेगाने भागतो, बस्स. 'मीडियम' या संकेतस्थळाने मिनिटाला २६५ शब्द असा वेग धरला होता. मार्क ब्रिसबार्ट या बेल्जियमच्या मानसशास्त्रज्ञाने २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून सरासरी काढली. माहितीपर मजकूर मनातल्या मनात वाचताना मिनिटाला २३८ शब्द, मोठ्याने वाचताना १८३. पण हे सगळं इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढांचं! आपण 'शेजारच्यांसाठीसुद्धा' हे एका शब्दात उरकतो, इंग्रजीत त्याला तीन-चार शब्द लागतात. तोच आकडा मराठीला लावला, तर वेळ कमीच दिसणार.

तरी मैत्रिणींनो, ही सोय मला आवडते. आपलं वाचन तुकड्यातुकड्यांतलं. कुकरच्या तीन शिट्ट्यांत काय वाचून होईल, दुपारसाठी काय ठेवावं, हे आधीच कळतं. फक्त त्या मिनिटांआधी 'साधारण' एवढा शब्द हवा. तो नसला, की सावकाश वाचणारीला वाटतं आपणच कमी पडलो. मग ती वाचनच सोडून देते.

गाडीत हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या हसल्या. "म्हणजे पेपरातल्या रेसिपीसारखंच की! 'वेळ : पंधरा मिन्टं' लिहितात, अन् भाजी निवडायची कुणी, ते धरतच नाहीत."

मग मोबाइल परत मागून घेतला. पोटूळ गेलं, दौलताबादचा किल्ला दिसायला लागला, तेव्हा कुठं त्यांचा लेख संपला. पण संपला!