गोठलेल्या तळ्यावरची सुट्टी

मुलांनो, परवा भूगोलाच्या तासाला माझी चूक झाली. उत्तरेकडच्या फिनलंड देशाची माहिती सांगत होतो. हिवाळ्यात तिथली तळी गोठतात म्हणालो, तर सातवीतली एक मुलगी पटकन म्हणाली, "गुरुजी, मग मासे मरत्यात का?" मी घाईत म्हणालो, "मरत असतील." साफ चूक! म्हणून हा लेख भिंतीवर लावतो आहे.

फिनलंडला हजार तळ्यांचा देश म्हणतात. पण पाच गुंठ्यांहून मोठी तळी मोजली तर ती १ लाख ८८ हजारांच्या आसपास भरतात. माणसे सुमारे ५६ लाख. म्हणजे तीस माणसांमागे एक तळे! हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थराने जमीन खरवडली, बर्फ वितळला आणि खळग्यांत पाणी साचले. सर्वांत मोठे तळे साइमा, सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचे. अख्खी मुंबई त्यात सात वेळा मावेल.

जूनच्या सुरुवातीला शाळा सुटतात, त्या ऑगस्टपर्यंत. माणसे तळ्याकाठच्या लाकडी घरात राहायला जातात. त्या घराला मोक्की म्हणतात. तापलेल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायची, घाम फुटला की तळ्यात उडी! (आपल्याला बंबाचीच वाफ पुरे होते.) रानात आपल्या करवंदांसारखी बोरे पिकतात. रान कुणाचेही असो, ती कुणीही तोडावीत. तसा तिथला रिवाजच आहे. सावोनलिन्ना गावी तळ्यातल्या खडकावर १४७५ साली बांधायला घेतलेला किल्ला आहे. उन्हाळ्यात तिथे संगीत नाटके होतात.

आता माशांचे. पाणी गार होते तसे जड होऊन खाली बसते. पण हे फक्त ४ अंशांपर्यंत! त्याहून गार झालेले पाणी उलट हलके होते आणि वरच राहते. तेच गोठते. बर्फ तर पाण्याहून हलका. रसवंतीवर ग्लासात बर्फाचा खडा तरंगतो, तो तुम्ही पाहिलाच आहे. तळ्यावर बर्फाचे झाकण बसते, त्यावर हिमाची गोधडी पडते आणि खोल तळाशी ४ अंशांचे पाणी तसेच राहते. मासे तिथे मंदपणे हिवाळा काढतात. तळे खालून वर गोठत असते तर माझे उत्तर बरोबर आले असते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते, पण सगळ्यांना एकाच आठवड्यात नाही. मुले बर्फावर घसरतात, मोठी माणसे भोक पाडून गळ टाकून बसतात. घट्ट बर्फ ५ सेंटिमीटर जाड झाला की एक माणूस पेलतो, मोटारीला २० तरी हवा. पण जिथे पाणी वाहते तिथे बर्फ पातळ असतो. तिथे जाणती माणसेसुद्धा बुडतात.

साइमात सील नावाचा प्राणी राहतो. तो मासा नव्हे, पिलांना दूध पाजतो. ही साइमाची जात जगात दुसरीकडे कुठेच नाही. सारी मिळून काही शेच उरली आहेत. मादी काठाजवळच्या हिमाच्या ढिगात बीळ करते. त्याची वाट खालून, बर्फातल्या भोकातून. हिम कमी पडले तर बीळ होत नाही, पिलू उघड्यावर पडते आणि कोल्ह्याच्या तोंडी जाते. हल्ली हिवाळे उबदार होऊ लागलेत. म्हणून तशा साली गावची माणसे फावडी घेऊन तळ्यावर जातात, काठाशी हिमाचे ढीग रचतात आणि घरी परततात. मादी आपली खालून येते.