उधारीची यादी क्वेरीने काढताना: एरर दिसला तर बरं, नाही दिसला तर महाग

व्हिडिओत गूगल शीटचा क्वेरी फॉर्म्युला भराभर झाला, इथे सावकाश बघू. (सिलेक्ट, व्हेअर हे शब्द मी मराठीत लिहितोय. शीटमध्ये इंग्रजीतच टाका.)

बोईसरला दुकान म्हणजे बरीचशी गिऱ्हाइकं तारापूर एमआयडीसीत कामाला. पगार साधारण ७ ते १० तारखेला, म्हणजे वसुलीची यादी ६ तारखेला हातात हवी. समजा बी कॉलमला नाव, डी कॉलमला रक्कम. 'सिलेक्ट बी, सम(डी) ग्रुप बाय बी' लिहिलं की प्रत्येकाची एकूण उधारी येते.

आता फक्त ५,००० च्या वरचे हवेत. बरेच जण त्यातच 'व्हेअर सम(डी) > ५०००' घुसवतात आणि एरर येतो. कारण व्हेअर एकेक ओळ तपासतं, बेरीज नंतर होते. एसक्यूएलमध्ये यासाठी हॅविंग असतं, शीटच्या क्वेरीत ते नाहीच. म्हणून पहिल्या क्वेरीभोवती दुसरी गुंडाळायची. बाहेरच्या क्वेरीला बी, डी कळत नाहीत. तिथे कॉल१, कॉल२ म्हणायचं: 'सिलेक्ट कॉल१, कॉल२ व्हेअर कॉल२ > ५०००'. कॉलमधला सी कॅपिटल, पुढची अक्षरं स्मॉल. नाहीतर 'नो कॉलम' ठरलेला.

क्रमही पाळा: व्हेअर, ग्रुप बाय, मग ऑर्डर बाय.

आपल्या पालघर-वसई पट्ट्यातली खास अडचण म्हणजे इंग्रजीतलं डिसोझा, डिमेलो. डी नंतरच्या त्या टिंबासारख्या खुणेला शीट सिंगल कोट समजते आणि नाव तिथेच तुटतं. अशा नावाला डबल कोट लावा, आणि फॉर्म्युल्यात तो दोनदा टाइप करा.

हे सगळे एरर निदान ओरडून सांगतात. खरा तोटा गप्प असतो. आपल्याला '२०००/-' लिहायची सवय. शीटसाठी ती रक्कम नाही, मजकूर आहे. कॉलममध्ये आकडे जास्त असले की क्वेरी अशी ओळ रिकामी धरते. एरर नाही, काही नाही, त्या माणसाचे २,००० यादीतून गायब! साधा समसुद्धा मजकूर सोडून देतो, त्यामुळे ताळाही जुळल्यासारखा वाटतो.

म्हणून यादी काढण्याआधी डी२ पासून खाली काउंटए वजा काउंट करून बघा. शून्य आलं तर पुढे जा. ३ आलं, तर ३ नोंदी शोधून त्यातलं '/-' काढा.