चिठ्ठी घेऊनच पुढे जावे

निपाणीकडे दुखणे वाढले की घरची मंडळी रुग्णाला थेट बेळगावला नाहीतर कोल्हापूरला नेतात. तंबाखूचे पैसे हातात असले तर खर्चाचे काही वाटत नाही, पण एरवी काय?

सरकारी दवाखाने एकमेकांना जोडलेले असतात. सपाटीवर ५,००० वस्तीला उपकेंद्र, ३०,००० ला प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर तालुका रुग्णालय आणि शेवटी बेळगावचे जिल्हा रुग्णालय, ज्याला वैद्यकीय महाविद्यालयही जोडलेले आहे. के.एल.ई. संस्थेची साखळी निराळी. तिचे महाविद्यालय १९६३ चे. तिथले डॉक्टर शिकवतात आणि संस्थेच्याच रुग्णालयात रोगीही तपासतात.

सरकारी व खाजगी यांतला दुवा म्हणजे शिफारस-चिठ्ठी. कर्नाटकात २०१८ पासूनच्या आरोग्य योजनेत बी.पी.एल. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत आहेत. मात्र सरकारी रुग्णालयात जो इलाज होत नाही, त्यासाठीच योजनेतल्या खाजगी रुग्णालयात पाठवतात, तेही चिठ्ठीवर. हृदयविकाराच्या झटक्यासारख्या तातडीत मात्र चिठ्ठीसाठी थांबू नये.

चिठ्ठीवर दिलेले औषध आणि वेळ लिहून मागावी, असे आम्ही सांगू. रेशनकार्ड व जुने कागद एकाच पिशवीत ठेवावेत. नाहीतर पुढे त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागतात.