स्वतःच्या सर्व्हरवरील मराठी अनुदिनी : बिघाडाचे निदान व देखभाल (यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : अनुदिनी, युनिकोड, विदागार, अक्षरसंच, प्रतिसंचय

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, झरी जामणी, मारेगाव व घाटंजी या तालुक्यांत कोलामी व गोंडी बोलणारा समाज राहतो, तर तांड्या-तांड्यांतून बंजारा समाजाची गोरमाटी ऐकू येते. या बोलींतील गीते, म्हणी, शेतीचे व वनस्पतींचे शब्द संकलित करण्यास स्थानिक महाविद्यालयातील प्राध्यापक व विद्यार्थ्यांइतके जवळचे दुसरे कोणी नाही. असे संकलन अल्प खर्चात प्रकाशात आणण्याचे साधन म्हणजे अनुदिनी, म्हणजेच ब्लॉग होय.

परक्या कंपनीच्या मोफत सेवेवर ठेवलेले लेखन त्या कंपनीच्या मर्जीवर टिकते. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज ही सेवा बंद केली, तेव्हा असंख्य व्यक्तिगत पाने एकाच वेळी नाहीशी झाली. स्वतःच्या किंवा भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर अनुदिनी चालविल्यास ही भीती कमी होते. मात्र घर स्वतःचे झाले की डागडुजीही स्वतःकडेच येते. प्रस्तुत लेखात वर्डप्रेस ही २००३ पासून उपलब्ध असलेली मुक्त प्रणाली व तिच्यासाठी वापरले जाणारे मायएसक्यूएल हे विदागार डोळ्यांसमोर ठेवून या डागडुजीचा विचार केला आहे. प्रणाली पुन्हा मोफत मिळते, गावातील वृद्ध स्त्रीकडून उतरवून घेतलेले गीत पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून येथे मजकुराच्या रक्षणास अग्रस्थान दिले आहे.

मजकूर बिघडतो तेव्हा

सर्व्हर बदलल्यावर किंवा प्रणाली अद्ययावत केल्यावर मराठी मजकुराच्या जागी विचित्र रोमन अक्षरे अथवा प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसू लागतात, ही सर्वांत घबराट उडविणारी तक्रार होय. ही दोन्ही लक्षणे एकच रोग समजून उपचार केले जातात आणि तेथेच नुकसान होते.

त्यामागील कारण समजण्यास एक शब्द पुरेसा आहे. 'यवतमाळ' या शब्दात युनिकोडच्या दृष्टीने सहा चिन्हे आहेत : य, व, त, म, काना व ळ. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. म्हणजे हा शब्द १८ बाइटांचा झाला. आता मायएसक्यूएलमध्ये दीर्घकाळ लॅटिन-१ हा अक्षरसंच गृहीत धरला जात असे. २०१८ मधील ८.० या आवृत्तीपासून ते गृहीतक बदलले. जुन्या अनुदिनीत विदागाराने हे १८ बाइट म्हणजे १८ स्वतंत्र रोमन अक्षरे आहेत असे मानून ते साठविले. वाचतानाही तीच चूक उलट दिशेने होत असल्याने पानावर मजकूर शुद्ध दिसे. वर्डप्रेसच्या २००७ मधील २.२ या आवृत्तीपासून संरचना-फाइलीत अक्षरसंच नमूद करण्याची सोय आली. जुन्या विदागारावर तेथे यूटीएफ-८ लिहिले गेले की दोन चुकांचा हा मेळ तुटतो आणि माथ्यावर तिरकी रेघ असलेले रोमन 'ए' ओळीने उमटू लागते. मजकूर त्या वेळीही शाबूत असतो.

निदानासाठी 'यवतमाळ' एवढेच नाव असलेली एखादी वर्गवारी घ्यावी आणि विदागारास त्या नावाची बाइटांतील लांबी विचारावी. पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून 'लेंग्थ' या फलनाने ती कळते. उत्तर १८ आले व स्तंभाचा अक्षरसंच यूटीएफ-८ असला, तर साठा निर्दोष असून दोष केवळ जोडणीच्या मांडणीत आहे. उत्तर १८ पण स्तंभ लॅटिन-१ असल्यास वर वर्णिलेली जुनी स्थिती आहे. अशा वेळी स्तंभाचे थेट रूपांतर करणे ही नेहमीची व महागडी चूक होय. त्याने प्रत्येक बाइटाचे पुन्हा रूपांतर होऊन लांबी ३६ होते. योग्य मार्ग असा की, स्तंभ आधी निव्वळ बाइटांच्या, म्हणजे 'ब्लॉब' प्रकारात न्यावा व नंतर यूटीएफ-८ मध्ये आणावा. ३६ झालेली लांबीही उलट प्रक्रियेने बहुधा सुधारता येते. परंतु उत्तर ६ आले, तर सहा चिन्हांच्या जागी सहा प्रश्नचिन्हे साठविली गेली आहेत. ती कोणत्याही प्रक्रियेने अक्षरे होत नाहीत, जुनी प्रत हाच एक उपाय उरतो. म्हणूनच पानावर प्रश्नचिन्हे दिसत असताना लेख संपादनासाठी उघडून पुन्हा जतन करू नये. वरवरचा दोष त्यामुळे कायमचा होतो.

गोंडीच्या अभ्यासकांसाठी आणखी एक बाब. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. या लिप्यांचे प्रत्येक चिन्ह चार बाइटांचे असते. मायएसक्यूएलचा जुना 'यूटीएफ-८' तीन बाइटांपुढे जात नाही, त्यामुळे पूर्ण चार बाइटांचा 'यूटीएफ८-एमबी४' हा अक्षरसंच आवश्यक ठरतो. देवनागरीत लिहिलेल्या गोंडीस वा कोलामीस ही अडचण येत नाही.

श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या टंकांत टाइप केलेला मजकूर अनुदिनीत चिकटविल्यावर दिसणारी रोमन अक्षरे हा निराळाच प्रकार आहे. तेथे विदागाराचा दोष नसून मूळ मजकूरच युनिकोडमध्ये नसतो. तो परिवर्तकातून काढून घ्यावा आणि रफार व जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत. परिवर्तक नेमका तेथेच चुकतो.

कोरे पान व तुटलेले तक्ते

अनुदिनीचे पान पूर्ण कोरे दिसणे हे मजकूर गेल्याचे लक्षण नाही. बहुधा एखादे पूरक साधन, ज्यास प्लगइन म्हणतात, पीएचपीच्या नव्या आवृत्तीशी जुळत नसते. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ ने विदागाराशी बोलण्याची जुनी फलने काढून टाकली, तेव्हा अनेक साधने अशीच बंद पडली. प्लगइनांच्या फोल्डरचे नाव तात्पुरते बदलल्यास सर्व साधने निष्क्रिय होतात व दोषी साधन एकेक करून शोधता येते. त्रुटींची नोंदवही मात्र आधी वाचावी. दहा मिनिटांचे वाचन दोन दिवसांची चाचपड वाचविते.

सर्व्हर महाविद्यालयाच्या संगणक कक्षातच असेल, तर भारनियमनाचा विचार अटळ आहे. मायआयसॅम प्रकारचे तक्ते वीज अचानक गेल्यास मोडतात. इनोडीबी प्रकार आपल्या नोंदींच्या आधारे स्वतःला सावरतो. २०१० पासूनच्या मायएसक्यूएल ५.५ मध्ये इनोडीबी हाच मूळ प्रकार असला, तरी त्यापूर्वीचे तक्ते आपोआप बदलत नाहीत.

पत्ते, मालकी व प्रती

वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून पत्ता तयार करते व त्यासाठी २०० रोमन वर्णांची मर्यादा पाळते. देवनागरीचे एक चिन्ह पत्त्यात नऊ वर्ण घेते. परिणामी 'यवतमाळ जिल्ह्यातील कापूस' एवढ्यावरच मर्यादा संपते आणि पुढे 'उत्पादन' असो वा 'बाजार', दोन्ही लेखांचे पत्ते सारखेच निघून दुसऱ्यास केवळ एक आकडा जोडला जातो. छोटा पत्ता प्रकाशनापूर्वीच हाताने द्यावा. शोधनिबंधांत उद्धृत झाल्यावर तो बदलणे म्हणजे वाचकास रिकाम्या दारी पाठविणे होय.

संकेतनामाची नोंदणी कोणाच्या ई-मेलवर आहे, हा प्रश्न तांत्रिक वाटत नाही, पण प्राध्यापक निवृत्त झाले की नूतनीकरणाची सूचना त्यांच्या जुन्या खात्यावर जाते आणि संकेतनाम सुटते. नोंदणी पदाच्या नावे, विभागाच्या ई-मेलवर असावी व परवलीचे शब्द प्राचार्यांच्या कार्यालयात मोहोरबंद असावेत.

प्रत घेताना विदागार व चित्र-ध्वनिफितींचा फोल्डर या दोन्हींची घ्यावी लागते. केवळ विदागाराची प्रत घेतल्यास गीताचे शब्द उरतात, आवाज जातो. एक प्रत त्या सर्व्हरबाहेर, शक्यतो दुसऱ्या गावी असावी. दर उन्हाळी सुटीपूर्वी ती कक्षातील एखाद्या रिकाम्या यंत्रावर उतरवावी, 'यवतमाळ' ची लांबी १८ येते का ते पाहावे, आणि एक कोलामी गीत उघडून ते ज्याने उतरविले त्याच विद्यार्थ्याकडून वाचून घ्यावे.