लिंडनचा धंदा : वर्षांची मेहनत आणि एका फवारणीची चूक

झाडे विकणे हाही धंदाच आहे. मात्र तो घाईचा नाही. आपल्याकडे नर्सरी म्हटली की गुलाब, मोगरा आणि आंब्याची कलमे डोळ्यांपुढे येतात. युरोपात रस्त्याकडेची शोभेची झाडे वाढवून विकणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्यातले एक मानाचे झाड म्हणजे लिंडन. आज आम्ही वाचकांना त्याची ओळख करून देत आहोत.

लिंडन हे थंड मुलुखाचे झाड. महाराष्ट्रात ते लावण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. तरी ते अगदी परकेही नाही. आपला फालसा, ज्यूट आणि सह्याद्रीतले धामण ही त्याच्याच गोतातली. कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी सुतार ज्याला पसंती देतात, त्या धामणाच्या शास्त्रीय नावाचा अर्थच 'लिंडनसारख्या पानांचे' असा आहे.

बर्लिनमधील 'उंटर डेन लिंडन' म्हणजे 'लिंडनच्या झाडांखाली' हा रस्ता प्रसिद्धच आहे. तेथे १६४७ साली ही झाडे लावली गेली. तुर्कस्तानात लिंडनला 'इहलामूर' म्हणतात. इस्तंबूलमध्ये सुलतान अब्दुल मजीद यांच्या काळात, १८४९ ते १८५५ दरम्यान, बांधलेल्या एका छोट्या महालाला याच झाडाचे नाव आहे. तेथे लिंडनची वाळवलेली फुले चहासाठी 'अक्तार'च्या दुकानात विकतात. हा 'अक्तार' म्हणजे आपला अत्तार!

आता धंद्याचे बोलू. लिंडनचे बी टणक. रुजायला कधी कधी दोन वर्षे घेते. म्हणून जातिवंत झाड हवे असेल तर खुंटावर डोळा भरतात. पुढे दर तीन-चार वर्षांनी झाड उपटून दुसऱ्या जागी लावतात. त्यामुळे बारीक मुळे खोडाजवळच दाट होतात आणि मातीच्या हुंडीसकट काढलेले झाड गिऱ्हाइकाकडे सहज जगते. जर्मनीत भाव ठरतो तो उंचीवर नव्हे, तर जमिनीपासून एक मीटरवर मोजलेल्या खोडाच्या घेरावर आणि झाड किती वेळा हलवले त्यावर. मोठे झाड विकायला दहा-बारा वर्षे सहज जातात. वडिलांनी डोळा भरावा आणि मुलाने पावती फाडावी, असा हा व्यवहार.

या झाडाची एक खोड आहे. त्यावर मावा पडतो आणि खाली उभ्या मोटारींवर चिकटा गळतो. मग गिऱ्हाईक तक्रार करते आणि कंत्राटदार औषधाचा पंप उचलतो. जून २०१३ मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्यात, विल्सनव्हिल गावी, हेच घडले. एका दुकानाच्या वाहनतळावरील ५५ लिंडन झाडांवर माव्यासाठी डायनोटेफ्युरान फवारले. झाडे तेव्हा भर फुलोऱ्यात होती. मधमाशीच्या कुळातील सुमारे ५०,००० केसाळ भुंगे मरून पडले. उरलेले वाचावेत म्हणून झाडांना जाळ्या गुंडाळाव्या लागल्या. फुलोऱ्यात मधमाश्या येत असताना फवारू नये, हे डब्यावरच छापलेले होते! २०१५ साली त्या राज्याने लिंडनवर अशा चार औषधांना बंदी केली.

उपाय महाग नव्हता. फुले गळेपर्यंत थांबायचे होते. किंवा मुळातच रुपेरी लिंडन लावायचे. त्याच्या पानांखाली दाट लव असल्याने मावा फारसा टिकत नाही. गिऱ्हाइकाला जागा पाहून योग्य जात सुचवणे हे विक्रेत्याचे काम आहे.

आमच्या वाचकांत नर्सरीवाले आहेत, बागांची कंत्राटे घेणारे आहेत, औषधांचे दुकानदारही आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे : डब्यावरची बारीक अक्षरे गिऱ्हाइकाला वाचून दाखवा. एखादा डबा कमी खपेल; पण तुमच्या शब्दावर विसंबून आलेला माणूस पुन्हा तुमच्याच दुकानाची पायरी चढेल.