खडूची खूण

शिरवळच्या अलीकडे, सर्व्हिस रोडला लागून एक पत्र्याची शेड आहे. नावाची पाटी नाही. दारात तारेला ओवून जुने ब्रेक शू टांगलेले आहेत, ट्रकचे, टेम्पोचे, जीपचे. हायवेवरच्या ड्रायव्हरला तेवढी खूण पुरते. मी तिथे सकाळी नऊला जीप घेऊन गेलो आणि निघालो तेव्हा दिवे लागले होते. माझं काम खरं तर तीन-चार तासांचं. बाकीचा वेळ मी एका उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून बघत होतो आणि त्या दिवसाचं बघितलेलं अजून डोक्यातून जात नाही.

जीप वडिलांची. महिंद्राची सीजे ३ बी, उंच बॉनेटवाली. तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक. महिनाभर एकच त्रास होता. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. पावसात तर स्टिअरिंग हातातून सुटतंय की काय असं वाटायचं. गावातल्या एका गॅरेजमध्ये नवीन लायनर बसवून घेतलं होतं, तरीही.

मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी मला काही विचारलं नाही. मी उतरायच्या आत ते खाली वाकले आणि उपडी बोटं एकेका चाकाच्या ड्रमजवळ नेऊन बघितली. पुढच्या डाव्या चाकाशी हात पटकन मागे घेतला. उजव्याला मात्र सरळ तळवा टेकवला.

"उजवं चाक झोपलंय," ते म्हणाले. "मागं काम केलं तवा दोन्हीकडची लायनर बदलली का एकाच बाजूची?"

"एकाच. दुसऱ्या बाजूचं चांगलं आहे म्हणाले."

"एक बैल ताजा अन् एक म्हातारा जुंपल्यावर जू वाकडंच व्हायचं की."

ड्रम उतरवला. उजव्या चाकाचं व्हील सिलिंडर पाझरत होतं आणि शूवरचं लायनर ब्रेक ऑइल पिऊन काळंमिट्ट, चकचकीत झालं होतं. पेट्रोलने धुऊन चालेल का, असं मी विचारलं. मिस्त्रींनी लायनर उन्हात धरलं. "वरचं जाईल. आत मुरलेलं गरम झालं की परत वर येतंय. ह्ये आता टाकायचं."

टाकायचं ते लायनर, शू नव्हे. शू म्हणजे लोखंडी अर्धचंद्र. त्याच्या पाठीवर लायनर बसतं, ते घासतं, झिजतं, बदलतं. शू तोच राहतो. आमच्या जीपचे शू बहुधा माझ्या वयाचे असतील. आता नव्या गाड्यांना कारखान्यातच लायनर चिकटवलेले तयार शू मिळतात. जुने काढा, नवे लावा, अर्ध्या तासात गाडी बाहेर. जुन्या गाडीला ते सुख नाही. तिच्या मापाचे म्हणून जे तयार शू बाजारात येतात, त्यांची गोलाई दर वेळी त्या ड्रमला जुळेलच असं नाही. म्हणून ही शेड अजून चालते.

लायनर हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यामागे कुणाचं डोकं असेल हे मनातही येत नाही. इंग्लंडमध्ये डर्बीशरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस होता. उतारावर गाडीवान लाकडी ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचं चामडं बांधतात, हे त्याने पाहिलं, असं सांगतात. १८९७ मध्ये त्याने ब्रेकसाठी खास अस्तर तयार करायला घेतलं. फ्रूडच्या नावाची अक्षरं उलटीपालटी करून त्यात एक अक्षर घातलं की फेरोडो होतं. आपल्या घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना होता, पुढे त्याचं नाव हिंदुस्थान कंपोझिट्स झालं. जुन्या मिस्त्री लोकांच्या तोंडी फेरोडो हे नाव अजून येतं.

त्या अस्तरात पुढे कित्येक दशकं ॲस्बेस्टॉस वापरलं गेलं. उष्णता सोसतं, स्वस्त आहे, झिजतं हळू. पण झिजून जी पूड होते तिचे तंतू श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यांतून कर्करोग होतो, हे आता पक्कं ठाऊक आहे. चांगल्या कंपन्यांच्या खोक्यावर आज 'ॲस्बेस्टॉसमुक्त' असं छापलेलं असतं. पण ३०-४० वर्षांच्या गाडीच्या ड्रममध्ये साचलेली करडी पूड कशाची, हे कोण सांगणार? शेडमधला पोरगा कॉम्प्रेसरची नळी घेऊन आला तसं मिस्त्रींनी त्याला हटकलं आणि ओलं फडकं हातात दिलं. ड्रम, मागचा पत्रा, स्प्रिंगा, सगळं ओल्या फडक्याने पुसलं. "आमचे उस्ताद हवा मारायचे. शेवटी दोन पावलं चालले की दम लागायचा त्यांना." एवढंच बोलून ते कामाला लागले. वाचणाऱ्यांपैकी कुणाचं गॅरेज असेल, कुणी गाडीशेजारी उभं राहून काम करून घेत असेल, तर हात जोडून सांगतो, ब्रेकच्या ड्रममध्ये हवा मारू नका, मारू देऊ नका. बादलीभर पाणी आणि एक फडकं लागतं, दुसरं काही नाही.

अकराच्या सुमाराला वास आला. ट्रक दिसायच्या आधी वास. जळक्या रबरासारखा, पण अधिक तिखट, घशाला लागणारा. कोल्हापूरहून साखरेची पोती घेऊन मुंबईकडे निघालेला दहा चाकी ट्रक खंबाटकीचा बोगदा ओलांडून, उताराची वळणं उतरून आला होता. मागच्या चाकांतून निळसर धूर. क्लीनर उडी मारून पाण्याचा कॅन घेऊन धावला.

"पाणी न्हाई! पाणी न्हाई टाकायचं!" मिस्त्री एवढ्या जोरात ओरडले की पलीकडचा चहावालाही बाहेर आला.

ड्रम बिडाचा असतो. लालबुंद होण्याच्या बेतातल्या बिडावर गार पाणी पडलं की तो तडकतो. कधी तिथल्या तिथे, कधी पुढच्या घाटात. ट्रक सावलीला उभा केला, चाकांना उटी लावली आणि तासभर कुणी हात लावला नाही. चहा झाला. ड्रायव्हर पंचविशीतला, घाबरलेला होता पण दाखवत नव्हता.

"मामा, उताराला पॅडल पार खाली गेलं. दाबतोय, दाबतोय, लागायलाच तयार न्हाई."

"गिअर कुठला व्हता?"

तो बोलला नाही.

मिस्त्री त्याला रागावले नाहीत. समजावून सांगितलं, आणि ते मला इथे सविस्तर लिहावंसं वाटतं. २५ टनांचा ट्रक १०० मीटर खाली उतरला आणि सगळा भार ब्रेकनेच तोलला, तर ड्रममध्ये जी उष्णता तयार होते तिच्यावर ७५ लिटर पाणी उकळेल. हा हिशेब माझा, घरी येऊन केलेला, मिस्त्री म्हणाले, "एका घाटात आख्ख्या पंगतीचा भात शिजंल." एवढी उष्णता बिडात शिरली की ड्रम फुगतो. फुगतो म्हणजे बाहेरच्या बाजूला, लायनरपासून लांब जातो. शूला त्याला गाठायला आणखी सरकावं लागतं आणि पॅडल पूर्ण दाबूनही जोर कमी पडतो. त्यात लायनरमधला चीक, म्हणजे सगळं बांधून ठेवणारी राळ, जळायला लागते; तिचा वायू लायनर आणि ड्रमच्या मधे येतो आणि पकड सुटते. ड्रायव्हर घाबरून पुन्हा पुन्हा दाबतो. एअर ब्रेकच्या गाडीत दर दाबाला टाकीतली हवा खर्च होते. इंजिन बंद ठेवलं असेल तर कॉम्प्रेसरही बंद, नवी हवा येतच नाही. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने ४८ गाड्यांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवल्याचं प्राथमिक तपासात पुढे आलं होतं. डिझेल वाचवण्यासाठी.

"ज्या गिअरनं घाट चढशील त्याच गिअरनं उतर," मिस्त्री त्या पोराला म्हणाले. "ब्रेक थांबायला असतोय. उतरायला इंजिन असतंय."

तासाभराने ट्रकचे ड्रम निघाले. मिस्त्रींनी एकेक ड्रम दोरीने आढ्याला टांगला आणि हातोडीने हलकेच टोला दिला. पहिला घंटेसारखा वाजला, आवाज लांबत गेला. दुसराही. तिसरा 'थड्' असा बोलला आणि गप्प झाला. पोराने तो पुसून उन्हाकडे धरला. आतल्या बाजूला केसाएवढा तडा, कडेपर्यंत गेलेला. मालकाला फोन लागला. मालक नव्या ड्रमला तयार नव्हता, लेथवर फिरवून घ्या म्हणत होता. मिस्त्रींनी फोन घेतला आणि "न्हाई जमायचं, गाडी दुसरीकडं न्या" एवढं सांगितलं. अर्ध्या तासाने नव्या ड्रमचे पैसे आले.

मग रिव्हेट. शेडमध्ये त्याला रिपीट म्हणतात. सगळ्या दिवसात मी ज्याच्याकडे सर्वांत जास्त वेळ बघितलं ते हेच. जुनी रिपिटं सुंबा ठेवून ठोकून पाडली. शूची पाठ तारेच्या ब्रशने आणि कानसीने स्वच्छ केली, गंजाचा एक पापुद्राही ठेवला नाही. भोकं लांबट झालीत का ते बघितलं. ट्रकचा एक शू त्यातच बाद झाला. नंतर नवं लायनर पाठीवर ठेवून पहिलं पितळी रिपीट मारलं ते बरोबर मध्यावर. दुसरं त्याच्या शेजारी. मग एक डावीकडे, एक उजवीकडे, असं करत कडेला. मी विचारलं, कडेपासून का नाही? कडेची आधी मारली तर लायनर मधे फुगीर राहतं, त्याच्या आणि लोखंडाच्या मधे फट पडते. फटीतून उष्णता शूमध्ये उतरत नाही आणि लायनर तिथेच तडकतं. सगळी रिपिटं झाल्यावर मिस्त्रींनी दाढीचं पातं घेऊन लायनर आणि शूच्या मधे चारी बाजूंनी खुपसून बघितलं. जीपच्या एका शूला पातं एका कोपऱ्यात जरासं आत गेलं. त्यांनी सगळी रिपिटं पाडली आणि नव्याने सुरुवात केली. मला ती फट दिसतही नव्हती.

जीपच्या प्रत्येक चाकात पुढच्या शूचं लायनर लांब आणि मागच्याचं आखूड असतं, हेही मला त्या दिवशी कळलं. गाडी पुढे जात असताना फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो आणि तो शू आणखी घट्ट दाबला जातो. मागच्याला मात्र ड्रम मागे लोटतो. जास्त काम पुढच्याचं, म्हणून लायनरही त्यालाच जास्त. घाईत कुणी अदलाबदल केली तर बसवताना काहीच अडत नाही. कळतं ते रस्त्यावर.

आणि शेवटी खडू. शाळेतला पांढरा खडू. मिस्त्रींनी तो ड्रमच्या आतल्या अंगाला फिरवला, शू हाताने ड्रममध्ये टेकवून थोडा मागेपुढे घासला आणि बाहेर काढला. काळ्या लायनरवर मधे पांढरा पट्टा उठला होता, दोन्ही टोकं कोरी. म्हणजे नवं लायनर, नवी रिपिटं, सगळं असूनही ड्रमला टेकत होता तो फक्त तिसरा हिस्सा. ड्रम झिजून त्याचा व्यास वाढलेला, लायनरची गोलाई मूळ मापाची. नाकाला फडकं बांधून त्यांनी मधला उंचवटा एमरीने हळूहळू उतरवला. पुन्हा खडू. पट्टा रुंदावला. पुन्हा एमरी. चौथ्या वेळी जवळजवळ संपूर्ण लायनर पांढरं उमटलं. "टोकं जराशी मोकळी राहू द्यायची," ते म्हणाले. "टोकं आधी टेकली तर गाडी किंचाळती." चार चाकांचे आठ शू त्यांनी असे खडूने तपासले. मला घाई नव्हती, त्यांना तर त्याहून नाही.

गावातल्या त्या गॅरेजने लायनर नवीन टाकलं होतं, हे खरंच होतं. पैसेही वाजवी घेतले होते. फक्त कुणी खडू फिरवला नव्हता. माझं मत स्पष्ट आहे. शू वाकलेला नसेल, भोकं ठीक असतील, तर जुन्या गाडीला स्वतःच्याच शूवर असं लायनर मारून घ्यावं. खोक्यातून काढून लावलेल्या अनोळखी शूपेक्षा ते कितीतरी पटीने भरवशाचं. दोन्ही बाजूंचं एकाच वेळी. आणि उतरवलेलं जुनं लायनर मागून घेऊन बघावं, कुठे झिजलंय, कुठे कोरं राहिलंय. सगळं त्यावर लिहिलेलं असतं.

संध्याकाळी सिलिंडरचं रबर बदललं, पोराने पॅडल मारून हवा काढली. मिस्त्रींनी चाक हाताने फिरवत मागच्या पत्र्यावरचा बोल्ट पान्याने आवळला, शू घासायला लागला तसा केसभर मागे घेतला. मी नीरा नदीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. मोकळ्या रस्त्यावर दोनदा जोरात ब्रेक दाबला, दोन्ही वेळा स्टिअरिंग सोडून. जीप सरळ उभी राहिली. परत आल्यावर मिस्त्री पुन्हा वाकले आणि चारही ड्रमना हात लावला. चारही सारखेच कोमट.

पाचशे किलोमीटर झाल्यावर एकदा घेऊन या, लायनर बसली की शू थोडे वर घ्यावे लागतील, असं त्यांनी सांगितलंय. आज ४१० झाले.