कुत्र्याच्या अंगाला जळके ऑईल नको

पावसाळा लागला की दारची कुत्री अंग खाजवू लागतात. केस झडतात, कातडी लाल होते, पुढे जाड व काळी पडते. ही बहुधा खरूज असते. अशा वेळी गॅरेजमधले जळके ऑईल किंवा रॉकेल चोपडण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हीही एकदा ते केले. कुत्र्याने अंग चाटले, दोन दिवस ओकाऱ्या काढल्या आणि खरूज होती तशीच राहिली.

वाचकहो, असे तेल कातडी भाजते व पोटात गेल्यास विष ठरते. खरूज सूक्ष्म किड्यांमुळे होते. तिच्या एका प्रकाराने माणसालाही खाज सुटते. म्हणून मुलांना दूर ठेवून कुत्र्याला गुरांच्या दवाखान्यात न्यावे. तेथे कातडी खरवडून तपासतात व कुत्र्याच्या वजनानुसार औषध देतात. शेजाऱ्याकडचे उरलेले औषध वापरू नये.

रोजची निगा सोपी आहे. एक दिवसाआड फणी फिरवावी. कानांत, काखेत व बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहे का ते पाहावे. असल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. हाताने चिरडू नये. गोचिडीच्या तापाने कुत्री दगावतात. गोचीड भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते, तेव्हा भेगाही बुजवाव्यात. आंघोळीला आपला साबण नको, कुत्र्याचाच घ्यावा. नंतर अंग पुरते कोरडे करावे.

आपल्या दाराची राखण करणाऱ्याची एवढी राखण आपण करू या.